घड्याळवाल्याच्या वर, दुसरा मजला

ड्रायव्हरकाकांनी पिशवी काउंटरवरच उघडली, एक पुडी सोडली, आतली गोळी चिमटीत धरून डोळ्यापाशी नेली आणि विचारलं, "रेघ कुठाय?"

"कसली रेघ?" आत्या शिडीवरून म्हणाली. ती वरच्या फळीवरच्या रिकाम्या बरण्या काढून देत होती आणि खाली भिंगरी त्या खोक्यात रचत होती.

"माझ्या गोळीला मधोमध रेघ असते. त्या रेघेवर मोडायची. अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी. हिला रेघच नाही. ही मोडू कुठे, कपाळावर?"

बाबा आतल्या खोलीतून हसत हसत बाहेर आले. ड्रायव्हरकाकांना बस सोडून बारा वर्षं झाली होती, तरी प्रत्येक गोष्टीला ते आधी ब्रेक लावून बघत. तक्रार केल्याशिवाय त्यांना औषध लागू पडत नसे. बाबांनी गोळी घेतली, तळहातावर उलटीसुलटी केली. त्यांच्या तोंडावरचं हसू होतं तिथेच राहिलं, फक्त त्यामागचा माणूस निघून गेला.

"बटण बघू," ते म्हणाले.

पिशवीच्या तोंडाला दोऱ्याने एक काळं बटण बांधलेलं होतं. दोन भोकांचं.

"बटण माझंच आहे," काका म्हणाले. "माल माझा नाही."

भिंगरीच्या हातातली बरणी हातातच राहिली.

त्या दुकानात पिशवीवर नाव लिहायची पद्धतच नव्हती. हे सगळं आजोबांचं डोकं. शेजारचा शिंपी दुकान बंद करून मुलाकडे राहायला गेला, तेव्हा जाताना आजोबांना बटणांची एक बरणी देऊन गेला. आजोबांच्या दर महिन्याच्या गिऱ्हाइकांत निम्मी म्हातारी माणसं. कुणाला बारीक अक्षर दिसत नाही, कुणाला मुळात वाचताच येत नाही, तर कुणी खुशाल दुसऱ्याचीच पिशवी उचलून चालायला लागतं. आजोबांनी प्रत्येकाला एकेक बटण ठरवून दिलं. हिरवं, शिंपल्याचं, कोटाचं, फ्रॉकचं, बदकाच्या आकाराचं. (बदक एका सहा फुटी निवृत्त पोलिसाच्या वाट्याला आलं आणि त्याने ते वर्षानुवर्षं निमूटपणे वागवलं.) एका जाड वहीत प्रत्येकाचं पान, पानावर बटण शिवलेलं, खाली औषधं, त्याखाली राहण्याचं ठिकाण. गोळ्या पाकिटातून सोडवून एकेक दिवसाची पुडी बांधायची, पुड्या पिशवीत घालायच्या आणि पिशवीला बटण. आजोबांना जाऊन सहा वर्षं झाली, पण बाबांनी पद्धत मोडली नव्हती.

आता दुकानच मोडत होतं. चौकात काचेच्या दाराचं मोठं औषधांचं दुकान आलं, फोनवर बोट फिरवलं की गोळ्या घरी यायला लागल्या, आणि मग कुणीतरी अख्खी ओळच विकत घेतली. आज साडेपाचला त्याच्या माणसाला किल्ली द्यायची होती. सोमवारपासून बाबा त्याच काचेच्या दारामागे नोकरीला जाणार होते. जाता जाता गिऱ्हाइकांची सोय म्हणून त्यांनी सगळ्यांच्या तीन-तीन महिन्यांच्या पिशव्या भरल्या होत्या आणि रात्री बाकावर ओळीने मांडल्या होत्या. प्रत्येकीवर तिचं बटण. सकाळी ती बटणं बांधायचं काम भिंगरीचं.

भिंगरीला भिंगरी उगाच म्हणत नव्हते. एक बटण उचला, दोरा ओवा, पिशवीला बांधा, मग दुसरं उचला, असं गोगलगायीसारखं काम तिला जमणार होतं थोडंच! तिने सगळी बटणं एका वाटीत गोळा केली, कारखान्यासारखे फटाफट दोरे ओवून घेतले आणि मग कुठलं कुठे होतं ते आठवून लावत गेली. बेचाळीस पिशव्या, वीस मिनिटं. तिने स्वतःलाच शाबासकी दिली होती. काळी बटणं दोन होती. तिच्या लेखी काळं ते काळं. भोकं मोजायची असतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं.

"दुसरं काळं," बाबा म्हणाले. "चार भोकांचं. ते कुणी नेलं?"

आत्या शिडीवरून भराभर उतरली. "लोकरवाल्या मावशींनी. अकरा वाजता. तुझ्याच हातून तर नेलं, दादा."

"काही म्हणाल्या?"

"म्हणाल्या, जुन्या गोळ्या काल संपल्या, आज पाचच्या चहाला नवी पिशवी उघडते."

सगळ्यांनी भिंतीकडे बघितलं. भिंतीवरचं घड्याळ सकाळीच खोक्यात गेलं होतं. ड्रायव्हरकाकांनी मनगट वर केलं. "तीन चाळीस."

"त्या पिशवीत काकांच्या गोळ्या आहेत," बाबा हळू आवाजात म्हणाले. "रक्तातली साखर उतरवायच्या. काका अर्धी घेतात, तीही पोटभर खाऊन. मावशींना साखरेचं दुखणंच नाही. वजन जेमतेम चाळीस किलो. त्या अख्खी घेणार, नुसत्या चहावर. मग घाम फुटेल, गरगरेल, वाटेल जरा पडावं. आणि त्या एकट्या राहतात."

वहीतल्या नंबरावर आत्याने फोन लावला. तो नंबर अस्तित्वातच नव्हता. तो मावशींच्या लोकरीच्या दुकानाचा होता, आणि दुकान बंद होऊन दोन वर्षं झाली होती.

"रुग्णवाहिका बोलवा ना सरळ!" ड्रायव्हरकाका म्हणाले.

"बोलवतो. कुठे बोलवू?"

बाबांनी वही त्यांच्यापुढे सरकवली. आजोबांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: घड्याळवाल्याच्या वर, दुसरा मजला. दार ढकलावे.

आजोबांच्या वहीत एकाही घराला नंबर नव्हता, एकाही गल्लीला नाव नव्हतं. छत्रीवाल्याच्या मागे. पाववाल्याच्या समोर, निळं दार. छत्रीवाला गेला, पाववाला गेला, निळं दारही गेलं. वही माणसांनी भरलेली होती, आणि ती सगळी आता नसलेल्या दुकानांच्या मागे, समोर आणि वर राहत होती. औषधं पोचवायला जायचे ते आजोबा. बाबांनी मावशींना दुकानाच्या दारात सोडून कुठे बघितलंच नव्हतं.

"घड्याळवाला पुलाच्या कोपऱ्यावर होता," बाबा म्हणाले.

"तो कधीच हलला तिथून," आत्या म्हणाली. "मध्ये बाजाराच्या आत कुठेतरी होता."

"कुठे?"

"मला काय माहीत? मी काय रोज घड्याळं मोडत बसते? आता बसस्टँडसमोर मोबाइलवाल्यांच्या त्या इमारतीत बसतो, एवढं ठाऊक आहे."

"इतक्या वर्षांत पहिली चूक," बाबा स्वतःशीच म्हणाले, "आणि तीही आज." त्यांच्या हातातली वही थरथरत होती.

भिंगरीने बोलायला तोंड उघडलं. 'बाबा, बटणं मी बांधली,' एवढंच तर म्हणायचं होतं. पण त्या थरथरत्या वहीकडे बघून तिने ते आतच ठेवलं. "घड्याळकाकांकडे मी पळते," ती म्हणाली. "तुमचा गुडघा धड नाही. तुम्ही पुलावर बघा."

आत्याला हलता येणार नव्हतं. किल्ली घ्यायला माणूस येणार होता, सामान न्यायला टेम्पो येणार होता, आणि उरलेली प्रत्येक पिशवी उघडून बघायला हवी होती. ड्रायव्हरकाकांनी स्टूल ओढलं. "आणा इकडे. रेघा मला कळतात."

भिंगरी पळाली. वर्गात ती पळण्यात पहिली यायची, पण तिथे समोर दोरी असते आणि बाई टाळ्या वाजवतात. इथे समोर हातगाड्या होत्या, स्कूटरी होत्या, फुटपाथ अडवून गप्पा मारणारे दोन जाडजूड गृहस्थ होते. बसस्टँडसमोर ती पोचली तेव्हा चार वाजून पाच मिनिटं झाली होती आणि पोटात बरगडीखाली कळ येत होती.

घड्याळकाकांचं दुकान म्हणजे दोन मोबाइलवाल्यांच्या फटीत बसवलेलं एक टेबल. डोळ्याला भिंग लावून ते एका उघड्या घड्याळावर वाकले होते. मान वर न करता म्हणाले, "सेल बदलायचा?"

"काका, तुमच्या वर कोण राहतं?"

"माझ्या वर?" त्यांनी भिंगासकट वर बघितलं. "माझ्या वर सरकता जिना आहे, पोरी."

"इथे नाही! आधी. पुलाच्या कोपऱ्यावर होतात तेव्हा."

"तिथे वर पत्रा होता. पत्र्यावर मांजरं राहायची. का गं?"

म्हणजे बाबा तिकडे फुकट गेले. भिंगरीने टेबलाची कड धरली आणि एका दमात सगळं सांगितलं: गोळी, मावशी, पाचचा चहा. काकांनी भिंग काढून ठेवलं.

"लोकरवाली ना? बरोबर. मी आरसेवाल्यांच्या गल्लीत होतो तेव्हा ती वर राहायची. वरून लोकरीच्या दोरीला पिशवी बांधून दुधासाठी खाली सोडायची. ती नेमकी माझ्या गिऱ्हाइकांच्या टकलावर आपटायची."

"ती गल्ली कुठाय?"

"सोपं आहे. भांडीवाल्यापासून डावीकडे वळायचं—"

"काका, भांडीवाला नाहीये!"

"अरे हो. मग पुस्तकं बांधणाऱ्यापासून—"

"तो तरी कुठाय!"

काकांनी डोळे मिटले आणि ते टेबलावर दोन बोटं माणसाच्या पायांसारखी चालवायला लागले. आजूबाजूचे मोबाइलवाले हसले. भिंगरीला मात्र हसू येईना. ती त्या बोटांकडे श्वास रोखून बघत होती.

"चढ लागतो," काका मिटल्या डोळ्यांनी म्हणाले. "चढ काही कुणी विकत नेला नसेल. बाजाराच्या मागच्या अंगाचा. चढ संपला की सार्वजनिक नळ. नळ सोडून दुसरी गल्ली, इतकी अरुंद की छत्री उघडता येत नाही. तिथे उजव्या हाताला मी." त्यांनी डोळे उघडले. "दारावर माझं टोपलीएवढं गोल घड्याळ होतं. काढून आणलं तेव्हा भिंतीवर पांढरा गोल राहिला होता. तो शोध."

चार पंधरा. पळता पळता तिने बाबांना फोन केला. बाबा पुलाच्या कोपऱ्यावर उभे होते. तिथे आता गाड्या लावायची जागा होती. "तू हो पुढे," ते धापा टाकत म्हणाले. "मी निघालो. पण मला अर्धा तास तरी लागेल गं."

चढ होता. नळही होता, त्याला पाणी नव्हतं एवढंच. दुसरी गल्ली सापडली आणि भिंगरी तिच्या तोंडाशी थबकली.

गल्ली नव्यानेच रंगवलेली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत करडी. करड्या भिंती, करडी शटरं, खालून वर एकच करडा लेप, अजून ओल्या रंगाचा वास मारणारा. एकही पाटी नाही, माणूस नाही. उजव्या हाताला अकरा शटरं आणि सगळी एकाच आईची लेकरं असल्यासारखी. पांढरा गोल कुठला असायला!

चार छत्तीस.

"मावशी!" तिने हाक मारली. "लोकरवाल्या मावशी!" आवाज भिंतींवर आपटत पुढे गेला आणि तसाच रिकामा परत आला. वरच्या खिडक्या सगळ्या बंद. दोन-तीनांना फळ्या ठोकलेल्या.

आणि तिचं डोकं, जे सकाळपासून नुसतं गरगर फिरत होतं, एकदम जागच्या जागी उभं राहिलं. टोपलीएवढं घड्याळ भिंतीवर काय डिंकाने चिकटवलं होतं? त्याला लोखंड लागणार. रंगारी रंग मारतो, लोखंड उपटत बसत नाही.

तिने पहिल्या शटरच्या वर हात फिरवला. सपाट. दुसऱ्याच्या वर एक लांब आडवी पट्टी, ती पाटीची. तिसऱ्याच्या वर चौकोनात आठ खिळे, तो आरसेवाला असणार. हात पोचेना म्हणून ती पायरीवर चढून, उड्या मारून चाचपायला लागली. तळवे करडे झाले, बाह्या करड्या झाल्या. चौथं नाही, पाचवं नाही. सहाव्याच्या वर बोटांना काहीतरी जाड लागलं. एक बोल्ट. त्याच्या समोर दुसरा. वर एक, खाली एक. चार बोल्ट, गोलात.

चार अठ्ठेचाळीस.

शेजारी वर जायचं दार होतं. जुनं लाकडी दार काढून तिथे लोखंडी बसवलं होतं, आकड्यांची बटणं असलेल्या कुलपाचं. भिंगरीने ते ढकललं. खांद्याने रेटलं. ते काही हललं नाही. मग ती शटरवर तुटून पडली. दोन्ही मुठींनी, लाथांनी. पत्र्याचा असा दणदणाट झाला की चढाच्या खालचं कुत्रंसुद्धा भुंकायला लागलं.

दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि एक पांढरं डोकं बाहेर आलं.

"कोण आहे मेलं? भिंत पाडायला आलात का आता?"

"मावशी! मी, औषधवाल्यांची भिंगरी! गोळी घेऊ नका! गोळी!"

"काय?"

"गोळी घेऊ नका!"

"अगं, घेतली ना. आत्ताच घेतली. पोटात कावळे ओरडत होते म्हणून चहा लवकर केला. तुझ्या बोंबेने उरलेला सांडला बघ."

भिंगरीला वाटलं, आपण दुपारपासून धावलो ते सगळं उलटं धावलो. तिने फोन लावला. पहिल्याच घंटीला बाबांनी उचलला.

"सापडल्या. पण गोळी पोटात गेलीय."

बाबांचा आवाज आला तो एकदम काउंटरमागचा, स्वच्छ. "साखर. पाण्यात चार चमचे, आत्ताच्या आत्ता. झोपू द्यायचं नाही. बोलतं ठेव. वाटेत दुकानापाशी पोचलोय, टेम्पो आलाय, तो घेऊन मी येतो. रुग्णवाहिकेला मघाशीच विचारलं, चाळीस मिनिटं लागतील म्हणतात. पत्ता सांग."

"चढ, नळ, दुसरी गल्ली. मी बाहेर उभी आहे म्हणजे दिसेल."

"बाहेर? बाहेर काय करतेयस?"

मावशी खाली यायला तयार झाल्या, पण त्यांच्या वेगाने. दाराला कान लावून भिंगरी ऐकत राहिली. चप्पल घासत येते, थांबते. परत घासते. एकदा इतका वेळ काहीच ऐकू आलं नाही की तिने दारावर थाप मारली. "आले गं बाई, गुडघे काय भाड्याने आणलेत का?" आतून उत्तर आलं, आणि ते इतकं चिडकं होतं की तिला हायसं वाटलं. दार वीतभर उघडलं.

"ये आत आणि लाव आधी. उघडं दिसलं की लगेच येतात ते."

खोली लहान होती आणि काठोकाठ भरलेली. दुकान बंद झालं तेव्हा उरलेली लोकर मावशींनी वर आणली होती. कपाटात, पलंगाखाली, खिडकीच्या कट्ट्यावर, जिकडेतिकडे गुंडे. टेबलावर कप आणि कपाशेजारी उलगडलेला पुडीचा कागद. रिकामा. भिंगरीने साखरेचा डबा शोधला, पाण्यात चार चमचे ओतले, पाचवा भीतीपोटी ओतला आणि पेला पुढे केला.

"मी नाही असलं काही पिणार. मळमळतं मला गोडाने."

"मावशी, ती तुमची गोळी नव्हती. दुसऱ्याची होती. साखर उतरवायची."

"काहीतरीच. तुझे बाबा चुकत नाहीत. तुझे आजोबासुद्धा कधी चुकले नाहीत. इतकी वर्षं त्यांच्या हातचं घेतेय मी, त्या दुकानाला नाव नाही ठेवायचं माझ्यापुढे!" आणि त्यांनी पेला चक्क बाजूला सारला.

घड्याळात पाच वाजत होते.

"बाबा नाही चुकले," ती म्हणाली. "मी चुकले. बटणं मी बांधली. लवकर व्हावं म्हणून सगळी एकत्र केली, आणि दोन काळ्यांची अदलाबदल झाली. बाबांना वाटतंय त्यांनीच चूक केली आणि मी त्यांना सांगितलंही नाही. तुम्ही हे प्यायला नाहीत ना मावशी, तर मी तुमचं नाक दाबून पाजीन. मग हवं तर मला मारा."

मावशींनी तिच्याकडे बघितलं. करडे तळवे, करडं नाक, डोळ्यांतून गालावर उतरलेल्या करड्या रेघा. त्यांनी पेला उचलला आणि डोळे मिटून गटागटा संपवला. "दुसरा कर," त्या म्हणाल्या. "आणि लिंबू आहे कोपऱ्यात. नुसतं नाही जात."

टेम्पो गल्लीत शिरेना. तो नळापाशी ठेवून बाबा चढत आले. भिंगरीने पायाने दार अडवून धरलं आणि त्यांना वर पाठवलं. वर येऊन बघते तो बाबा मावशींची नाडी धरून बसलेले. मावशींच्या कपाळावर बारीक घाम होता आणि बोलताना त्या शब्दामागून शब्द शोधत होत्या.

"बाबा, बटणं मी—"

"ऐकलं, मावशींनी सांगितलं. दुकानातच का नाही बोललीस?"

"तुमचे हात थरथरत होते."

"अजून थरथरतायत. धर यांना त्या बाजूने. दवाखान्यात न्यायचंय."

आणि मावशींनी पलंगाचा खूर धरला. दोन्ही हातांनी. "मी येत नाही."

"मावशी, ही गोळी तासभरात जोर धरते. साखरेच्या पाण्याने भागायचं नाही."

"मी या खोलीबाहेर पडले की संपलं. इमारत घेतलेले लोक त्या दाराचे आकडे मला देत नाहीत. सगळी गेली, आरसेवाले गेले, पेटीवाले गेले, मी एकटी उरलेय. सकाळी तुमच्याकडे आले ती दाराच्या फटीत लोकरीचा गुंडा अडकवून. परत येते तो गुंडा कुणीतरी काढून फेकलेला. रंगारी आत होता म्हणून शिरले, नाहीतर आज रस्त्यावर होते मी. बाहेर दिसले की सामान काढतील, म्हणतील खोली रिकामीच होती." त्या धापा टाकत होत्या. "इथेच काय व्हायचं ते होऊ दे."

बाबांनी स्वतः दीड तासापूर्वीच एका किल्लीचा हिशेब आत्यावर सोपवला होता.

"मी बसते," भिंगरी म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे बघितलं.

"तुमच्या जागी. तुम्ही परत येईपर्यंत मी इथून हलत नाही. माणूस आत असलं की खोली रिकामी कशी म्हणतील?"

"एकटी? या ओसाड इमारतीत?" बाबा म्हणाले. "डोकं ठिकाणावर आहे का?"

"आतून कडी लावते. फोन आहे. आत्या किल्ली देऊन येईलच. बाबा, त्यांचे ओठ बघा."

मावशींचे ओठ पांढरे पडत चालले होते. बाबांनी एकदा लेकीकडे बघितलं, एकदा मावशींकडे, आणि जो निर्णय त्यांना घ्यायचाच नव्हता तो घेतला. "कडी. आत्या आल्याशिवाय कुणालाही उघडायचं नाही. कुणालाही."

मावशींनी खूर सोडला. जिन्याच्या तोंडाशी जीभ जड झालेली असतानाही त्या वळल्या आणि म्हणाल्या, "पडदा ओढू नकोस. माणूस दिसायला पाहिजे."

टेम्पोच्या मागे दुकानाची कपाटं होती, पुढे बाबांच्या खांद्यावर मान टाकलेल्या मावशी. तो चढ उतरून जाईपर्यंत भिंगरी खिडकीत उभी राहिली. मग खुर्ची खिडकीशी ओढून बसली. हात धुतले नव्हते. ते मांडीवर ठेवले आणि वाट बघायला लागली.

सव्वासहाला खालचं दार वाजलं. आकडे दाबल्याची टिकटिक, मग बुटांचे आवाज. दोघं जण. पहिला मजला. दुसरा. दारावर थाप.

"आजी! ओ आजी! काय ठरलं मग?"

भिंगरीने कडीकडे बघितलं. कडी बोटाएवढी होती. "कोण आहे?"

"आजींचा आवाज बदलला वाटतं!" बाहेर एकजण हसला. "मुकादम आहे. तू कोण?"

"भाची." मावशी म्हटल्यावर भाचीच की.

"आजी कुठायत?"

"बाहेर गेल्यात. येतायत."

"बाहेर गेल्या?" मुकादमाच्या आवाजात एकदम साखर आली. "मग उघड बघू दार. खोलीचं माप घेतो आणि जातो."

"मावशी आल्या की त्यांना विचारून घ्या."

"हे बघ पोरी, मोठ्यांच्या भानगडीत पडू नकोस. आम्ही खालचं दार लावून जाणार. तुला आकडे माहीत नाहीत. बाहेर पडलीस तर परत आत येता येणार नाही."

"माहीत आहे," भिंगरी म्हणाली. "म्हणून तर बाहेर पडत नाही."

कुणीतरी दाराला खांदा लावला. कडी आपल्या जागी कुरकुरली. भिंगरीने फोन वर धरला आणि जितक्या मोठ्याने ओरडता येईल तितक्या मोठ्याने म्हणाली, "बाबा, हो, दोघं जण आहेत! हो, बोला, मी दाराला लावते फोन! पोलीसकाकापण आलेत ना तिथे?"

फोन लावलेलाच नव्हता. पलीकडे कुणीच नव्हतं. पण खांदा मागे गेला. बाहेर कुजबुज झाली. मग बूट उतरायला लागले, एक मजला, दुसरा, आणि खालचं दार खाडकन लागलं. भिंगरी दाराला पाठ लावून जमिनीवर बसली.

मग खरंच फोन वाजला.

"साखर फार उतरली होती," बाबा म्हणाले. "शिरेतून चढवतायत. शुद्धीवर आहेत. नर्सच्या स्वेटरचा टाका चुकलाय म्हणून तिला सांगतायत."

"म्हणजे वाचल्या?"

"वाचल्या. पण ही गोळी अंगात रेंगाळते, साखर परत परत उतरते. दोन दिवस तरी सोडणार नाहीत. पेला भरून पाजलास ना, म्हणून इथवर पोचल्या, असं डॉक्टर म्हणाले. बाकीचं घरी बोलू. बरंच बोलायचंय."

"बाबा, घरी नाही. दोन दिवसांनी."

सातच्या सुमारास खालून आत्याची हाक आली. भिंगरी जिना उतरली, आतून दार उघडलं आणि पायाने धरून ठेवलं. आत्या गल्लीत उभी होती. दुकानाची किल्ली जिच्यात असायची ती पर्स तिने काखेत धरली होती, आणि ती पार चपटी दिसत होती.

"पिशव्या सगळ्या बरोबर निघाल्या," ती म्हणाली. "काकांनी एकेक गोळी डोळ्याला लावून बघितली, मेला वैताग. चल. डॉक्टर म्हणाले धोका टळला. घरी चल."

"मुकादम येऊन गेला, आत्या. उद्या परत येईल."

"येईना का. आपला काय संबंध?"

भिंगरीने पाय दारातून काढला नाही.

आत्याने त्या पायाकडे बघितलं. मग कुलपावरच्या आकड्यांकडे, मग करड्या गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. "शाळा आहे तुला उद्या," ती म्हणाली.

"तू बस ना मग. मी शाळेतून आले की तू जा."

"म्हणजे सगळं ठरवूनच ठेवलंस!" आत्याने एक सुस्कारा सोडला, पर्स दुसऱ्या काखेत मारली आणि उंबरा ओलांडून आत आली. "उशा किती आहेत वर?"

"एकच."

"मग तू जमिनीवर," आत्या म्हणाली आणि जिना चढायला लागली. भिंगरीने पाय काढला. दार त्यांच्यामागे लागलं.